काम सुटलं तं ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे भेटतात, पण...

कंपनीनं आमच्या लाईनवरच्या पोरांना एका दिवसात घरी बसवलं, गेटवर आयकार्ड जमा करा म्हटलं अन् झालं. गावात आलो तं पानठेल्यावर जो तो विचारते, काहून बे, सुट्टी हाय का?

तं मुद्द्याचं सांगतो. पगारातून ईएसआय कटत असेल तं अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून एक आहे, 2018 पासून. आधी रोजच्या सरासरी पगाराच्या 25 टक्केच भेटत, कोरोनात 50 केले. तेही जास्तीत जास्त 90 दिवस, अन् आयुष्यात एकदाच. काम सुटल्यावर 30 दिवस झाले की क्लेम टाकता येते.

खरी गोम अटीत आहे. दोन वर्ष विमा पाहिजे आणि काम सुटायच्या आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे. ठेकेदारानं मधातच भरणं बंद केलं असलं तं इथंच लटकते, म्हणून आधी ईएसआयच्या पोर्टलवर आपलं खातं पाहा. गैरवर्तन म्हणून काढलं असंल किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली असंल तं भेटत नाही.

माह्या आधारवर बापाचं नाव 'रामराव' अन् ईएसआयमधी नुसतं 'राम', आता सेतूवाला म्हणते आधी हे सुधरवून आण, तेवढ्यात त्याच्याकडची लाईट गेली. मंग काय, बसलो तिथंच आधार, पासबुक घेऊन, अन् घरून बायकोचा फोन, कापूस वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या, तुम्हीच या वावरात.