सोल्कानचा पूल गाडीतून बघायला जाऊ नका

स्लोव्हेनियात सोल्कान गावाजवळ सोचा नदीवर एक दगडी रेल्वेपूल आहे. "बोहिन मार्गाची गाडी पकडा, खिडकीतून सोल्कानचा पूल मस्त दिसतो," असं मला दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. साफ खोटं. येसेनित्से ते नोवा गोरित्सा हा जवळपास दोन तासांचा प्रवास सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुलावर असताना पूल दिसत नाही. सोचा नदीचं हिरवं पाणी क्षणभर दिसतं आणि लगेच सोल्कान येतं.

तिथेच उतरा. नोवा गोरित्सापर्यंत गेलात तरी टॅक्सी करू नका. दोन-तीन किलोमीटरच्या सपाट रस्त्यासाठी माझ्याकडे जे भाडं मागितलं गेलं, त्यात दोघांचं पोटभर जेवण झालं असतं. सरळ चालत निघा.

पुलाखाली कयाकवाल्यांचा तळ आहे, तिथे नदीकाठी उतरा आणि मान वर करा. 85 मीटरची एकच कमान! दगडी कमानीच्या रेल्वेपुलांत जगात हिच्याएवढी दुसरी नाही. मूळ आराखडा 80 मीटरचा होता. डाव्या काठाची जमीन भरवशाची निघाली नाही, म्हणून गाळा वाढवावा लागला. आराखडा रुडॉल्फ याउसनर आणि लेओपोल्ड ओर्ली यांचा. नाब्रेझिनाच्या खाणीतले 4,533 घडीव चिरे 1905 मध्ये अवघ्या 18 दिवसांत कमानीत बसवले गेले. जुलै 1906 मध्ये मार्ग सुरू झाला, उद्घाटनाला ऑस्ट्रियाचा युवराज, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड हजर होता.

मात्र आज दिसते ती कमान त्यांची नाही. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट 1916 मध्ये इटलीपुढे माघार घेताना ऑस्ट्रियाच्या सैन्यानेच ती सुरुंग लावून उडवली. आधी तात्पुरता पोलादी पूल आला आणि युद्धानंतर हा भाग हाती आलेल्या इटलीने 1927 पर्यंत पूल पुन्हा दगडात बांधून काढला. जुना फोटो मोबाइलवर ठेवा आणि मोठ्या कमानीच्या खांद्यावरच्या छोट्या कमानी मोजा. तेव्हा पाच होत्या, आता चार आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, तरी हा पूल टिकला.

आता पुलाजवळचा साबोतिन. 609 मीटर उंचीचा हा डोंगर नकाशावर किरकोळ वाटतो आणि "तासाभराचा फेरफटका" म्हणून सुचवला जातो. सोल्कानकडून दक्षिण धारेने चढणारी वाट तशी अजिबात नाही. चुनखडीचे सुटे, धारदार दगड, काटेरी झुडपं, सावली नावाला. हरिश्चंद्रगड सहज करणाऱ्यालाही इथे उन्हाळ्याच्या दुपारी दम लागेल. उतरताना तर प्रत्येक पावलाला दगड सरकतो आणि गुडघे बोलू लागतात. माझा अर्धा दिवस त्या उतारानेच खाल्ला. प्रत्येकी दोन लिटर पाणी, घोट्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. गवतात गोचिडी असतात, परतल्यावर अंग नीट तपासा. वर खानपानाची सोय आहे, पण ती उघडी असेलच असं धरून चालू नका.

तरीही चढाच. वर पहिल्या महायुद्धातले बोगदे आणि खंदक आहेत. इटलीने 6 ऑगस्ट 1916 ला हा डोंगर घेतला आणि तीनच दिवसांत खालचं गोरित्सिया शहर (आज नोवा गोरित्साला लागून, पण इटलीत) पडलं. वरून खाली पाहिलं की नदी, पूल आणि शहर एकाच नजरेत येतात, आणि पूल का उडवला ते कुणी सांगावं लागत नाही. वेळ कमी असेल तर गोरित्सियाचा किल्ला सोडा, साबोतिन सोडू नका. सकाळी सातच्या आत चढायला लागा.