गोत्तु, अक्का

रविवार, रात्री साडेदहा

१ नोव्हेंबर नुकताच झालाय म्हणून डोकं तापलेलं होतं, असं सकाळपासून स्वतःला सांगतेय. आमच्या बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्यावर मराठी माणसांच्या काळ्या दिनाची फेरी. पण ते दरवर्षीचंच आहे की. आजच्या माझ्या वागण्याला तेवढं निमित्त पुरत नाही.

चर्चमध्ये आठच्या मराठी उपासनेला एक कन्नड बाई नेमक्या आईच्या जागेवर येऊन बसल्या. खिडकीजवळ, जिथं काठी टेकवून टेकवून बाकाचा रंग उडालाय. मी वाकून म्हटलं, ‘कन्नड दहाला.’ आवाज हळूच होता, पण कसं म्हटलं ते मला ठाऊक आहे. त्या हसल्या. ‘गोत्तु, अक्का.’ माहीत आहे म्हणे. आणि सरकून मलाच जागा करून दिली.

एवढंच झालं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रभूच्या प्रार्थनेला आम्ही सगळे ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ म्हणतोय आणि शेजारून त्यांचं कन्नड, खणखणीत. आमच्यात ऋण, त्यांच्यात तप्पु. तप्पु म्हणजे चूक. चूक विसरता तरी येते, ऋण म्हटलं की वही आलीच. माझी वही भरलेली. आईचा अर्ज ‘कन्नडात लिहून आणा’ म्हणून तीनदा परत आला, तिसऱ्या खेपेला तिला जिना चढवत नव्हता. बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून काय काय ऐकलं. शिवाय त्या वर्षी गल्लीत... जाऊ दे. आईनं त्या कारकुनाला कधीच सोडून दिलं होतं. मी नाही. आणि त्याची उधारी वसूल कुणाकडून करत होते, तर या बाईंकडून.

दुपारी लूकचं शुभवर्तमान काढून बसले. नवव्या अध्यायात शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही, का तर तो यरुशलेमकडे निघालाय. शोमरोनी आणि यहुद्यांचंही भांडण जागेचंच होतं, उपासना गरिज्जीम डोंगरावर की यरुशलेमेत. त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणतात, आकाशातून अग्नी पाडू का? येशू त्यांनाच दटावतो आणि सगळे मुकाट दुसऱ्या गावाला जातात. पुढच्याच अध्यायात तो दाखला सांगतो, त्यात जखमी माणसाला उचलून नेणारा कोण, तर शोमरोनी! इतकी वर्षं दोन्ही वाचले, पण वेगवेगळ्या रविवारी.

मी अग्नीवाल्यांतली निघाले. बरं, अग्नी पाडायची ऐपत नाही म्हणून उपासनेची वेळ सांगितली.

लंडन मिशनचे पाद्री बेळगावात आले १८२० ला. तेव्हा ना महाराष्ट्र होता ना कर्नाटक. त्यांना कुणी सांगितलं असेल, दहाला या म्हणून?

माझं कन्नड सगळं बाजारातलं. एष्टु, बेड, जास्ती आयतु. किती, नको, जास्त झालं. माफीचा शब्द कधी लागलाच नाही. आज त्यांच्याच प्रार्थनेतून उचलला, क्षमिसु. मोठ्या माणसाला म्हणायचं तर क्षमिसि. संध्याकाळपासून आरशासमोर म्हणून बघतेय, तर दर वेळी मीच त्यांना दटावतेय असं वाटतं.

आणि पुढच्या रविवारी त्या आठला आल्याच नाहीत तर दहाला बसावं लागणार. कन्नड प्रवचन, पाऊण तास. त्यांच्या शेजारी.

मिठाई म्हणून कुंदा न्यावा का? नको. लाच वाटेल.