रात्री बाराच्या दारूकामाची परवानगी : माझा अनुभव

स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या रात्री आमच्या गावात शोभेचं दारूकाम झालं आणि फार सुंदर झालं. पण त्याची परवानगी काढताना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या एका शाखेत जो मनस्ताप झाला, तो आठवला की आजही डोकं तापतं. २०२७ साली स्वातंत्र्याला ८० वर्षं होतील. तेव्हा आणखी कितीतरी गावं हाच घाट घालतील, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

आमचं तालुक्याचं गाव. सगळ्या मंडळांनी मिळून अमृतमहोत्सव समिती केली होती आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. बेत साधा होता. १४ ऑगस्ट २०२२, रविवारची रात्र. बाराच्या ठोक्याला झेंडा, राष्ट्रगीत आणि मग अर्धा तास आतषबाजी. वेळ बाराचीच हवी यावर सगळे ठाम होते, कारण १९४७ साली स्वातंत्र्य आलं ते मध्यरात्री. गावात त्या रात्री जागी असलेली चार-दोन माणसं अजून आहेत. त्यांच्यासमोर एकदा तरी ती वेळ साजरी व्हावी, एवढीच इच्छा होती.

वर्गणी जमली, जत्रेत दारूकाम करणारी परवानाधारक मंडळी ठरली, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. झेंड्याची अडचणही आयती सुटली होती. पूर्वी तिरंगा सूर्यास्ताला उतरवावा लागे. २० जुलै २०२२ ला केंद्राने ध्वजसंहितेत बदल करून तो रात्रीही फडकत ठेवायची मुभा दिली. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही मोकळीक मिळाली होती. झेंड्याचे नियम अमृतमहोत्सवाच्या तोंडावर असे सैल झाले, तर एका रात्रीच्या दारूकामालाही कुठेतरी सवलत असणार, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

सवलत आहे, पण ती ध्वनिक्षेपकाला आहे. अर्ज करणाऱ्याने सगळ्यात आधी हे नीट समजून घ्यावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्याच नियमांत राज्य सरकारला असा अधिकार दिलाय की सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवावी. त्या पंधरा दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. शिवजयंती, गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर वगैरे दिवस त्यात असतात. एखाद-दोन दिवस स्थानिक गरजेसाठी राखून ठेवलेले असतात. आमच्या यादीत स्वातंत्र्यदिन नव्हता. म्हणून आम्ही राखीव दिवस मागितला, आणि त्याच अर्जात दारूकामाची वेळ रात्री १२ ते १२.३० अशी लिहिली.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत, म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचं काम पाहणाऱ्या शाखेत गेला आणि तिथेच अडकला.

पहिल्या टेबलावर सांगितलं, "फटाके म्हणजे आवाजच की. ध्वनीच्या सवलतीत बसेल, ठेवून जा." पुढच्या वेळी त्याच शाखेतल्या दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, "सवलत फक्त भोंग्याची आहे हो, फटाक्यांचा इथे काय संबंध? अर्ज वेगळा करा." वेगळा अर्ज केला. मग तो घ्यायचा कुणी, हा प्रश्न आला. फटाक्यांच्या दुकानांचे तात्पुरते परवाने पाहणारे म्हणाले, आमच्याकडे विक्री येते, उडवणं येत नाही. तिसऱ्यांनी आधी पोलिसांचा अभिप्राय आणायला सांगितलं. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथले साहेब स्वच्छ बोलले, "तुम्ही वरून परवानगी आणा, बंदोबस्त आम्ही देतो. पण दहानंतर फटाके वाजवा असं मी लिहून देणार नाही." त्यांचं म्हणणं मला पटलं. त्यांच्या हातात तो अधिकारच नव्हता.

शेवटी कागद रीतसर पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत खाली आला आणि तसाच वर गेला. त्यावर शेरा होता, "सदर कार्यक्रमास कायदा व सुव्यवस्थेच्या दृष्टीने हरकत नाही. तथापि फटाके उडविण्याच्या वेळेबाबत आपले स्तरावर निर्णय व्हावा." गृह शाखेने तो वाचला आणि टिपणीत लिहिलं, "वेळेबाबत पोलिसांचे स्वयंस्पष्ट मत घ्यावे." कागद पुन्हा खाली. मी ती टिपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. निळ्या शाईत एक ओळ, खाली बारीक सही. त्या एका ओळीने आमचा आठवडा खाल्ला.

त्यात तारखा पाहा. ९ ऑगस्टला मंगळवारी मोहरमची सुट्टी. १३ ला शनिवार, १४ ला रविवार. म्हणजे शुक्रवारी, १२ ऑगस्टला सही झाली नाही तर विषय संपला. सगळी यंत्रणा 'हर घर तिरंगा'च्या झेंड्यांचे हिशेब आणि फोटो वर पाठवण्यात गुंतलेली, आणि महिनाअखेरीस गणपती. कधीही गेलं तरी उत्तर ठरलेलं होतं, "साहेब व्हीसीत आहेत," म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. एरवी अशा वेळी पालकमंत्र्यांच्या कार्यालयातून एक फोन जातो. पण नवं सरकार नुकतंच आलं होतं आणि जिल्ह्याला पालकमंत्रीच नेमलेला नव्हता.

मला उशिराचा तेवढा राग नाही. नियम आडवा येतो तर नाही म्हणा. 'नाही' असं लिहून द्या, आम्ही दुसरा बेत करू. पण हो नाही, नाही नाही, फक्त कागद फिरवत ठेवायचा, हा माझ्या मते नागरिकांवर सरळ अन्याय आहे. वर्गणी दिलेली माणसं रोज विचारत होती आणि मला सांगायला काही नव्हतं.

शेवटी उत्तर आम्हीच शोधलं. गावातल्या एका वकिलांनी दोन कागद काढून दिले. पहिला २०१० साली ध्वनिप्रदूषण नियमांत झालेल्या दुरुस्तीचा. रात्रीच्या वेळी आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारे फटाके वाजवू नयेत, असं त्यात आहे. यात 'आवाज करणारे' हे शब्द महत्त्वाचे. दुसरा कागद सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाचा. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना पूर्ण बंदी घालताना न्यायालयाने तिथेच म्हटलंय की फक्त रंग आणि प्रकाश देणाऱ्या फटाक्यांना वेळेचं बंधन घालण्याची गरज नाही. हे वाक्य आमच्या हाती लागलं तेव्हा मी आणि वकील दोघेही उठून उभे राहिलो.

लगेच अर्ज नव्याने लिहिला. आवाजाचं दारूकाम रात्री ९ ते ९.४५. ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद. मध्यरात्री झेंडा, राष्ट्रगीत माइकशिवाय, आणि फक्त बिनआवाजाची, प्रकाशाची शोभा. सोबत कुठल्या वेळी काय काय पेटणार याची यादी, दारूकाम करणाऱ्यांच्या सहीने. निकालाची प्रत जोडून ते वाक्य पिवळ्या पेनाने ठळक केलं. हा अर्ज घेऊन शाखेत न थांबता थेट निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, "हे आधी का नाही दिलं कुणी?" असं शाखेच्या लोकांना विचारलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद व्हायच्या बेतात पत्र हातात पडलं. पायऱ्या उतरताना मी ते तीनदा वाचलं. राखीव दिवस मात्र दिला नाही. तो गणपतीसाठी ठेवलाय म्हणाले.

इथे जागेचं सांगायचं राहिलं. आमची पहिली जागा हायस्कूलचं मैदान होती. शाळा, दवाखाने, न्यायालयं यांच्या भोवतालचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्रात धरतात आणि तिथे आवाजाचे फटाके दिवसाही चालत नाहीत. पोलिसांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, म्हणून आम्ही आठवडी बाजाराच्या मैदानावर गेलो. जागा आधी पक्की करा, नकाशावर दवाखाना कुठे आहे ते दाखवा, मगच अर्ज लिहा. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्याकडे पोहोच होती म्हणूनच "तुमचा अर्ज मिळालाच नाही" हे वाक्य आम्हाला कुणी ऐकवू शकलं नाही.

पत्रातल्या अटी रास्त होत्या. चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, लडी नको, बेरियम असलेला माल नको, नगरपरिषदेचा अग्निशमन बंब हजर हवा. लडी आणि बेरियमवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेलीच आहे. हरित फटाके घेतले तर खोक्यावरचा क्यूआर कोड तपासा. त्यांचं सूत्र आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलंय आणि नेहमीच्या फटाक्यांपेक्षा त्यांचा धूर कमी असतो.

दारूकाम करणाऱ्यांशी लेखी करार करा, आणि त्यात पावसाचं कलम हवंच. ऑगस्ट महिना आहे. आमच्याकडे नऊचं दारूकाम सुरू होईपर्यंत रिपरिप चालू होती. मध्यरात्रीसाठी ठेवलेला नायगारा, म्हणजे ठिणग्यांचा धबधबा, दोन उंच बांबूंच्या मध्ये दोरावर बांधला होता. एकेक नळकांडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर सुतळीने आवळली होती आणि वात तेवढी मेणकापडाखाली दुमडून ठेवली होती. साडेअकराला कारागिरांनी शिडी लावून पिशव्या काढल्या. ठाण्याचे हवालदार यादी हातात घेऊन प्रत्येक खोकं उघडून पाहत होते. त्यांनी एक खोकं बाजूला काढलं, कारण त्यात आवाजाचे शॉट निघाले. कारागिरांनी ते लगेच गाडीत नेऊन ठेवलं.

बारा वाजता झेंडा चढला. माइक नव्हता, त्यामुळे राष्ट्रगीत शाळेतल्या पोरींनी उचललं आणि मागून सगळं मैदान म्हणायला लागलं. मग नायगारा पेटला. पांढऱ्या ठिणग्यांचा पडदा या बांबूपासून त्या बांबूपर्यंत सरळ खाली सांडत होता, फक्त सरसर ऐकू येत होती. दोन्ही बाजूंना फटाक्यांची झाडं आणि भुईचक्रं. पलीकडच्या दवाखान्यातून एकही तक्रार आली नाही. या गोष्टीचा मला आतषबाजीइतकाच अभिमान आहे.

आता माझं मत. रात्रीचा नियम असायलाच हवा. आजारी माणसं, तान्ही मुलं, मुकी जनावरं यांना आवाजाचा किती त्रास होतो हे दिवाळीत आपण सगळे बघतो. माझी मागणी सरसकट मोकळीक द्या अशी नाही. २०१८ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीला रात्री ८ ते १० आणि नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३० अशी वेळ ठरवून दिली. इंग्रजी नववर्षाला पस्तीस मिनिटं मिळू शकतात, तर देशाच्या स्वातंत्र्याच्या मोठ्या वर्षपूर्तीला, पंचाहत्तर, ऐंशी, शंभर अशा वर्षी, तितकीच ठरीव मिनिटं का मिळू नयेत? वेळ, जागा, मालाची यादी सगळं आधी जाहीर करावं आणि गावागणिक एकाच ठिकाणी परवानगी द्यावी. ब्रिटनमध्ये रात्री अकरानंतर फटाके बंद असतात, पण स्थानिक प्रशासनाने राष्ट्रीय सोहळ्यासाठी केलेल्या आतषबाजीला त्यांच्या २००४ च्या नियमांतच अपवाद लिहिलेला आहे. तसं एक कलम आपल्याकडे असतं, तर आमचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला नसता.

तोवर, २०२७ ला ज्यांना करायचंय त्यांनी जुलैची वाट बघू नये. सवलतीच्या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच निघते. एकदा ती निघाली की राखीव दिवसावर सगळ्यांचे डोळे असतात. आमची समिती यंदा नोव्हेंबरातच अर्ज देणार आहे. १४ ऑगस्टची रात्र यादीत घ्यावी म्हणून एक आणि बिनआवाजाच्या शोभेसाठी दुसरा, असे दोन वेगळे. २००५ च्या निकालाची प्रत दोन्हींना जोडलेली असेल. आणि निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांची भेट पहिल्याच दिवशी मागणार आहोत.