आईला ऐकवलेला 'सोंगाड्या'

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी तिला घरी आणलं. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचाय, त्यामुळे तिला सगळंच दुधाळ दिसत होतं. नऊ वाजेपर्यंत ती गप पडून राहिली. मग म्हणाली, "बाय, कायतरी लाव की गं. पंख्याचं ऐकून ऐकून कान किटलं."

"कीर्तन लावू?"

"कीर्तन उद्या. दादाचं लाव. पयलं."

दादाचं पयलं म्हणजे दादा कोंडकेंची पहिली निर्मिती, 'सोंगाड्या' हा चित्रपट. मी मोबाइल तिच्या उशीशी टेकवून ठेवला. ठरलं असं की मी बघायचं आणि तिला सांगायचं: आता हा आला, आता ती तिकडून बघतेय. पाचएक मिनिटं मी सांगितलं. पुढे तीच मला सांगायला लागली. नाम्या, म्हणजे दादा, आता कुठे बघत असेल, आता त्याच्या तोंडावर काय असेल, सगळं. मी पडद्याकडे बघून खात्री करायची एवढंच माझं काम उरलं.

त्या रात्री माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. हा चित्रपट मी पंधरा-वीस वेळा तरी पाहिला असेल, पण ऐकला नव्हता. दादा कोंडके म्हटलं की ढगळ अर्धी चड्डी आणि लोंबणारी नाडी डोळ्यांपुढे येते. ती नाडी बाजूला केली तर उरतो तो आवाज. संथ, थोडा ओढलेला, कशाचाच पत्ता नसल्यासारखा. समोरचा माणूस एक शब्द टाकतो, दादा तो उचलतात, क्षणभर तोंडात घोळवतात आणि भलत्याच अर्थाने परत देतात. मधला तो क्षणभराचा थांबा डोळ्यांना दिसत नाही, कानांना बरोबर कळतो. आई त्या थांब्यातच हसायला सुरुवात करायची, उत्तर यायच्या आधी.

हे सगळं तमाशातून आलेलं आहे. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम. बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, आणि वगात, म्हणजे शेवटच्या कथानाट्यात, सोंगाड्या उभा असतो तो शब्दाला शब्द लावायला. राजाने हुकूम सोडला की सोंगाड्या त्यातला एक शब्द धरून बसतो आणि हुकुमाचं पार भजं होतं. त्याला शिक्षा करावी तर राजाचाच कमीपणा, कारण सोंगाड्या पडला भोळा. भोळा आहे म्हणून त्याला सगळं बोलता येतं. पाटलाला, सावकाराला, हवालदाराला. दादांचा सगळा विनोद या एका हक्कावर उभा आहे आणि तो हक्क त्यांनी रंगमंचावर कमावला. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याचे प्रयोगावर प्रयोग केल्यावर ते पडद्यावर आले. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त त्यांनी पहिली भूमिका केली आणि 1971 साली स्वतःची निर्मिती म्हणून 'सोंगाड्या' आणला. लेखन पुन्हा सबनिसांचंच, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं.

आता मला जे मनापासून म्हणायचंय ते म्हणते. या चित्रपटांना आपण ग्रामीण म्हणतो. पण ते गाव मुंबईत तयार झालं.

दादा कोंडके 1932 साली नायगावात, गिरणी कामगाराच्या घरात जन्मले. घराणं मूळचं भोरजवळच्या इंगवलीचं. दादा वाढले चाळीत. सेवा दलाच्या बँडमध्ये वाजवलं, अपना बाजारात नोकरी केली. म्हणजे त्यांनी जे गाव पडद्यावर मांडलं ते नायगाव, परळ, लालबागच्या माणसांच्या बोलण्यातून ऐकलेलं, सुट्टीत जाऊन बघून आलेलं आणि उरलेले अकरा महिने आठवलेलं गाव होतं. म्हणूनच त्यात पाणी शेंदण्याचा त्रास कमी आणि पाणवठ्यावरची गंमत जास्त. कुणी म्हणेल, हे खरं गाव नव्हे. मान्य. ते आठवणीतलं गाव होतं आणि आमच्या गल्लीला तेच हवं होतं.

आमच्या घराबद्दल सांगते. वडील कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. 1968 साली लग्न करून आई पाटण तालुक्यातून लालबागला आली ती दहा बाय बाराच्या खोलीत आणि वर्षभरात तिने खानावळ सुरू केली. सोळा माणसं जेवायला. पहिल्या पाळीचे वेगळे, रातपाळीचे वेगळे. भाकरी, आमटी, एखादी सुकी भाजी, रविवारी मटण. हे सगळे गावाकडून एकटे आलेले. गावकीने, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून, घेतलेल्या खोलीत पंचवीस-तीस जणांनी राहायचं, भिंतीला लावून प्रत्येकाची एक ट्रंक, एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर झोपणार. गावाकडे आई, बायको, पोरं. मनीऑर्डर महिन्याला, भेट वर्षाला. आईला ते वैनी म्हणायचे. तेव्हा आई विशीत होती आणि त्यातले निम्मे तिच्यापेक्षा मोठे.

पगार झाला की खानावळीचे पैसे चुकते व्हायचे. 'सोंगाड्या' लागला त्या महिन्यात पैसे चुकते करून उरलेल्यांत वर्गणी काढून त्यांनी वैनीला आणि माझ्या वडिलांना दादरला कोहिनूरला नेलं. मी तेव्हा तान्ही, शेजारच्या मावशीकडे होते. या चित्रपटाला कोहिनूर मिळण्यावरून मोठा गोंधळ झाला होता. हिंदी चित्रपटासाठी थिएटर अडवलं जात होतं, तेव्हा बाळासाहेब ठाकरे दादांच्या मागे उभे राहिले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि मग खेळ लागले. हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खोलीत मात्र ही गोष्ट वेगळ्या रीतीने सांगितली जायची. आई म्हणते, "आमी तितं पयल्यांदाच मराठी बोलत बोलत आत गेलो." एरवी दादरच्या थिएटरात जाताना माणूस आवाज खाली घ्यायचा.

त्या सोळांत एक पाटणच्याच बाजूचे साचेवाले होते. स्वतःच्या आईशी भांडून गाव सोडलेले. दोन वर्षं गेले नव्हते. 'सोंगाड्या'त नाम्या तमाशाच्या, कलावतीच्या नादाला लागतो आणि आये त्याला घराबाहेर काढते. त्या आयेचं काम रत्नमालाबाईंचं. करडी, जिभेची तिखट, पण आतून तुटणारी. नाम्या घराबाहेर पडला तसं यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली ती काढलीच नाही. सगळं थिएटर पुढच्या विनोदाला हसत होतं आणि हे टोपीआड. पुढच्या महिन्यात ते गावाला जाऊन आले. आईला एवढंच म्हणाले, "वैनी, बोलली माज्याशी."

रत्नमालाबाई पुढे दादांच्या चित्रपटांत आये म्हणून येतच राहिल्या. मला वाटतं, हे चित्रपट अजून बघावेसे वाटतात त्याचं खरं कारण त्या आयेत आहे. नायक सगळ्यांची फिरकी घेतो. पाटील, शिपाई, सावकार, भटजी, कुणी सुटत नाही. आयेची मात्र घेत नाही. तिच्यापुढे तो खरोखरच घाबरतो. सगळ्या उनाडक्या करून शेवटी ज्या उंबऱ्याशी थबकायचं तो उंबरा चित्रपटभर पक्का असतो. ज्यांचा उंबरा दोनशे मैलांवर होता त्यांना तो अडीच तास समोर दिसायचा.

आये हा शब्द आमच्या घरात फार जपून वापरला जायचा. मी बालवाडीत आईला आये म्हणायचे. पहिलीत गेल्यावर वर्गातल्या मुली हसल्या, बाईही हसल्या. घरी येऊन मी आई म्हणायला लागले आणि आईने काही विचारलं नाही. मग त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला गल्लीत पडदा बांधून दादांचा चित्रपट दाखवला. पुढच्या बाजूला जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. मागून सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, डावखुरी माणसं. रीळ बदलताना अंधार झाला की सगळे ओरडायचे. पण आवाज उलटा नव्हता. पडद्यावरून मोठ्याने आये अशी हाक आली आणि सगळी गल्ली, ज्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या ती माणसंसुद्धा, खूश होऊन हसली. ते हसणं वर्गातल्या हसण्यापेक्षा वेगळं होतं, हे मला सहाव्या वर्षी कळलं. तरी मी घरी आईच म्हणत राहिले. सवय मोडली ती मोडलीच.

दुहेरी अर्थाच्या संवादांवर बोललंच पाहिजे, कारण दादांचं नाव काढलं की लोक आधी तेच काढतात. माझं मत असं: सुरुवातीच्या चित्रपटांत तो शब्दांचा खेळ आहे, बतावणीतून सरळ आलेला. तिथे दोन अर्थ असतात आणि दोन्ही जिवंत असतात. पुढे पुढे एकच अर्थ उरला, दुसरा नावापुरता. ते नंतरचे चित्रपट मी बघत नाही, घरात लावत नाही. बाईच्या अंगावरून बेतलेले काही विनोद पहिल्या चित्रपटांतही आहेत, ते मला आज खुपतात. हे सगळं मी आईला एकदा बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "हळदीला बाया म्हंत्यात त्ये ऐकलंस का कदी? दादानं त्यातलं चार आणं बी न्हाय घेतलं." तिचंही खरं आहे. गावातल्या बायकांचं आपापसातलं बोलणं फार मोकळं होतं. शहरात येऊन आम्ही ते झाकलं.

'एकटा जीव सदाशिव' 1972 सालचा. वडिलांचा सगळ्यात आवडता. गावात दुसऱ्यांच्या घरी वाढलेलं पोरगं मोठेपणी शहरातल्या श्रीमंत जन्मदात्यांकडे येतं आणि त्या मोठ्या घरात त्याला माणूसच सापडत नाही. वडील हसता हसता मध्येच गप्प व्हायचे. 1973ला 'आंधळा मारतो डोळा', 1975ला 'पांडू हवालदार'. त्यात दादांनी दिग्दर्शनही केलं आणि अशोक सराफ सखाराम म्हणून असे उभे राहिले की लोक त्यांना तेव्हापासून विसरले नाहीत. लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या चाळीत या नोंदीचं कौतुक आपल्याच घरचं पोर पास झाल्यासारखं झालं होतं.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. सहा महिन्यांत आमच्या खानावळीत सोळाचे चार झाले. एकेकाने ट्रंक उचलली आणि गावाची वाट धरली. काहींची उधारी राहिली ती आईने कधी मागितली नाही. शेजाऱ्यांकडे टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा. त्या वर्षी एका शनिवारी दादांचा चित्रपट लागला आणि आई बघायला गेली नाही. भांडी घासत बसली. आवाज भिंतीतून येत होता. मला वाटतं, तेव्हाही तिने तो फक्त ऐकला होता.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही अकराव्या मजल्यावर. भारतमाता थिएटर खिडकीतून दिसत नाही, पण कुठल्या दिशेला आहे ते आईला पडल्या पडल्या सांगता येतं. तिकडे बोट करून ती अजून विचारते, "काय लागलंय?"

त्या रात्री आये नाम्याला घराबाहेर काढते तिथे आल्यावर आईने सांगणं थांबवलं. मीही बोलले नाही. उशीवरून नुसता आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "टोपीवालं आठवत्यात का तुला?" मी म्हटलं, मी तान्ही होते तेव्हा, तूच सांगितलंस. "व्हय की," म्हणाली. ते गावाकडे वारले त्यालाही बरीच वर्षं झाली.

सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. तिने बोटं बरोबर सांगितली, अक्षरं तिला येत नाहीत म्हणून चित्रांचा तक्ता लावला, तोही जमला. घरी आल्यावर थेंब घातले, डोळा मिटून दहा मिनिटं बसवलं. मग तिने मोबाइल मागितला.

"कालचं लाव. तितं थांबव, आये येती तितं. तोंड बगू दे तिचं."

रत्नमालाबाई आल्या तिथे मी थांबवलं. आईने मोबाइल नव्या डोळ्यापुढे धरला, थोडा लांब केला, परत जवळ आणला.