अर्धा गुण

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि इतिहासाच्या बाईच डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. समितीने शाळेविषयी लिहायला सांगितलंय, पण माझ्यासाठी शाळा म्हणजे बाईच.

नववीत एकदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि रखमाबाईंची हकिकत सांगितली. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, नवरा कोर्टात गेला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करला. आमच्यातल्या निम्म्या मुलींना तेव्हा स्थळं यायला लागली होती. मागच्या बाकावरची कुजबुजही थांबली.

चाचणीत मी लिहिलं, 'रखमाबाईंनी सहा महिने तुरुंगवास भोगला.' बाईंनी अर्धा गुण कापला आणि समासात बारीक लाल अक्षरांत लिहिलं, 'भोगला नाही. भोगायला तयार होत्या.' मी रडतच शिक्षक-खोलीत गेले. बाई कडक भाकरी मोडत होत्या. शेंगाचटणी लावून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि अख्खी मधली सुट्टी माझ्यासाठी घालवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने दावा सोडला. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेत बायकांवर उपचार करू लागल्या. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, दहाचं बारा झालं. दोनच वर्षं वाढली, तरी त्यावर केवढा गदारोळ! "हुकूम काय झाला आणि घडलं काय, दोन्ही बघायचं," बाई म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरत होतं. बाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या खोलीवर आल्या आणि अम्माच्या सुपाशेजारी जमिनीवरच बसल्या. अम्मा रोज हजार बिड्या वळायची. बोलतानाही तिचे हात थांबले नाहीत. तिला मराठी येत नव्हतं, बाईंना तेलुगू. माझ्याच लग्नाचं बोलणं मीच इकडून तिकडे सांगत होते. "दहावी होऊ द्या" हे बाईंचं वाक्य मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा अम्माने हातातली बिडी सुपात ठेवली.

बाई गेल्या तेव्हा मी बाहेरगावी कोर्टात उभी होते. अंत्यदर्शन झालं नाही, ते अजून सलतं. भाचीचे पेपर पाहते, नुसत्या बरोबरच्या खुणा. समासात कुणी काही लिहीत नाही.

आज मी सोलापुरातच वकिली करते. भाऊ बहिणींना घेऊन येतात, हक्कसोडपत्रावर सही हवी असते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिलाय. मी भावाला चहाला बाहेर पाठवते आणि बहिणीला विचारते, यात काय लिहिलंय ते वाचलंस? बहुतेक जणी नकारार्थी मान हलवतात. मग मी कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते, लागलं तर तेलुगूत.