पासवाल्या पोरी

गुरुवार, १ मे २०२५, धरणगाव

पोरी गेल्या. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या तीन बायका गेल्या, पण माय सकाळपासून "पोरी उन्यात का?", म्हणजे आल्या का, असंच विचारत होती, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलं. रात्रीचे दहा वाजलेत, पंखा गरम हवा फेकतोय, झोप लागायची नाही. लिहूनच काढते.

१९९५ ते ९८ आम्ही चौघी अमळनेरला प्रताप कॉलेजात बी.एस्सी.ला होतो आणि चौघी अपडाऊन करायचो. पाळधीची सगळ्यात आधी चढायची, मग चावलखेड्याची, मग धरणगावहून मी, शेवटी टाकरखेड्याची. पाळधीची ओढणी पसरून आमच्या जागा धरायची आणि त्यापायी रोज कुणाशी तरी भांडायची. तेव्हा सुरत लाईन एकेरी होती. समोरून गाडी यायची असली की आमची पॅसेंजर क्रॉसिंगला एखाद्या स्टेशनात उभीच. किती वेळ, ते कुणी सांगायचं नाही. त्या थांबलेल्या डब्यात आम्ही ऑरगॅनिकच्या रिॲक्शन पाठ केल्या, एकमेकींची स्थळं नापास केली, डबे संपवले. प्रॅक्टिकल लांबलं आणि परतीची गाडी चुकली तर घरी बोलणी ठरलेली, पण पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसायला मिळायचं. आता लाईन दुहेरी झाली. चांगलंच झालं म्हणा, पण आजच्या पासवाल्या पोरींना क्रॉसिंगचा निवांतपणा कुठून मिळणार!

पदवी झाली आणि दोन-अडीच वर्षांत चौघींची लग्नं उरकली. सुरत, नंदुरबार, नाशिक, आणि मी धुळे. कुणाच्याच घरी फोन नव्हता. पत्रं आली काही दिवस, मग मुलं झाली, पत्रं थांबली.

मधे वर्गातल्या मुलांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. महिनाभरात सगळे मुलगे सापडले. सापडणारच की! नाव तेच, आडनाव तेच, बहुतेकांचं गावही तेच. मुलींची म्हणून एक यादी टाकली होती, त्यात आमची माहेरची नावं आणि पुढे मोकळी जागा. खाली एकाने लिहिलेलं, 'यांचे नंबर कुणाकडे असल्यास टाकणे.' कुणाकडे असणार? आडनाव बदललेलं, एकीचं तर सासरी पहिलं नावही बदललं. फेसबुकवर तिला माहेरच्या नावाने शोधायचं म्हणजे जी बाई कागदावर उरलेलीच नाही तिला शोधायचं. त्या ग्रुपवर अजून रोज फुलांची चित्रं येतात. मी आवाज बंद करून ठेवलाय.

गाठ पडली ती निराळ्याच कारणाने. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, १९५२ नंतर तब्बल ७२ वर्षांनी, आणि तेही आमच्याच कॉलेजच्या मैदानावर. मी पुस्तकं बघायला म्हणून गेले, खरं तर कॉलेज बघायला. दुकानांच्या गर्दीत मागून कुणीतरी पाठीत धपाटा घातला.

"वयखं का माले?"

टाकरखेड्याची! ती आली होती विद्रोही संमेलनाला. तेही त्याच दिवसांत गावात भरलं होतं. तिथून सवड काढून पुस्तकांसाठी इकडे डोकावली होती. नंदुरबारकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आवाज चार वर्गांना पुरेल एवढा. उभ्याउभ्या तिने मला विचारलं, उरलेल्या दोघी कुठे? आणि मला सांगता येईना.

मग तिनेच डोकं लढवलं. बाई सासरच्या नावाने सापडत नसेल तर माहेरच्या गावात विचारायचं. पाळधीला आम्ही कासाराकडे गेलो. लेक माहेरी आली की बांगड्या भरायला त्याच्याकडेच जाते, त्याला सगळ्यांच्या सासरची खबर. म्हातारा म्हणाला, ती आता येत नाही, पण चुलतभावाचं दुकान अमुक ठिकाणी आहे. तिथून नंबर मिळाला सुरतेतल्या उधन्याचा. चावलखेड्याची तर सोपी निघाली, तिची आई अजून त्याच घरात राहते.

नंबर मिळाले तरी भेटायला वर्ष गेलं. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची सासू आजारी. शेवटी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ठरली. खान्देशात लेकीला आखाजीला माहेरी धाडायला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. खुद्द आखाजीला घरोघरी घागर भरायची, पितरांचं पान, त्यामुळे काल नको, आज. आणि घर माझं, कारण धरणगाव मधलं.

पहिला अर्धा तास अवघड गेला, खोटं कशाला लिहू. मुलं काय करतात, कुठल्या कंपनीत, फ्लॅट कुठे घेतला. चौघी आपापल्या साड्या सावरत बसलेल्या, जशा लग्नात समोरच्या पक्षाच्या बायका बसतात. मायला ते दिसलं असावं. तिने केशर आंब्यांची टोपली आमच्या मधे आणून आदळली आणि म्हणाली, रस काढा. कोपरापर्यंत हात बरबटले आणि मग तोंडं सुटली. चावलखेड्याचीने नवऱ्याच्या दारूचं सांगितलं ते आंबा पिळता पिळता, मान वर न करता. कुणी अरेरे केलं नाही. टाकरखेड्याची फक्त म्हणाली, "मग पगार कुणाच्या खात्यात जातो?" आणि पुढचा पाऊण तास बँक, सही, एटीएम हाच विषय. जुन्या आठवणी फारशा निघाल्याच नाहीत. मला वाटलं होतं त्याच निघतील.

पाळधीची मात्र गप्प होती. डब्यातली सगळ्यात भांडखोर पोर! ती उधन्याला घरबसल्या साड्यांना लेस लावून देते, तुकड्यावर पैसे. रसायनशास्त्रात आमच्यात पहिली यायची. जेवताना तिने सांजोरी मोडली आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, "आते माले माहेर ऱ्हायनं नही." आई-वडील गेले, भावाने घर विकलं, तो पुण्याला. सुरतेहून आखाजीला म्हणून निघाली ती काल रात्री उतरली कुठे? जळगावला, नणंदेच्या घरी. आम्हाला कळवलंसुद्धा नव्हतं.

माय हे ऐकत होती का, ठाऊक नाही. तिला हल्ली कमी ऐकू येतं. निघताना मात्र तिने पाळधीचीला पाटावर बसवलं आणि माझ्यासाठी आणलेली साडी-चोळी तिच्या ओटीत घातली. नारळही माझाच. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "नारळ एकच शे घरमा. तू त दरसाल येस."

मला साडीचा राग आला, अगदी खरा. रंगही मीच सांगितलेला होता. मग हसू आलं.

स्टेशनवर पोचवायला गेले. फलाटावर उभं राहून टाकरखेड्याचीने जाहीर केलं की पुढच्या आखाजीला पाळधीची थेट धरणगावला उतरेल, नणंदेकडे नाही. पाळधीची म्हणाली, बघू. मग गाडी लागली आणि ही बाई, तीस वर्षांपूर्वीसारखी, लोकांना कोपराने सारत आधी डब्यात शिरली आणि खिडकीच्या जागेवर पिशवी टाकून चावलखेड्याचीला हाका मारायला लागली. चावलखेडा पुढचंच स्टेशन, बसायची गरजच काय!

घरी आले तर तिच्यासाठी भरलेला कुरडयांचा डबा ओट्यावर तसाच. भावजयीला दाखवला. ती म्हणाली, "राहिला तर राहू द्या, कुरडया वर्षभर टिकतात. पण ताई, पुढच्या साली किती जणी येणार ते आधी सांगा. टोपलीभर आंबे पुरले नाहीत आज, मला आणि पोरांना कोयाच चोखाव्या लागल्या."