अंगठा हलेपर्यंत

ऑपरेशन संपलं की सर्जन हातमोजे काढतात, सिस्टर गॉजचे तुकडे मोजून घेतात आणि थिएटरमधला ताण सैल होतो. माझं काम मात्र तेव्हा ऐन भरात आलेलं असतं. भूल देणं जोखमीचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पेशंटला भुलीतून बाहेर काढणंही तेवढंच जोखमीचं असतं. बाहेर नातेवाईक विचारतात, "शुद्धीवर आला का?" या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत: मेंदू जागा झाला का, आणि स्नायूंत ताकद परत आली का. झोपेचं औषध वेगळं असतं आणि अंग सैल पाडणारं वेगळं. दोन्हींचा अंमल जोडीनं उतरला पाहिजे. अंग आधी सुटलं आणि झोप थोडी रेंगाळली, तर वाट बघून भागतं. उलटं झालं तर माणूस टक्क जागा असतो, त्याला ऐकू येतं, दुखतं, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही.

मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. जत, कवठेमहांकाळ, तासगाव आणि सीमेपलीकडून अथणी, चिकोडी इथले पेशंट रात्री-अपरात्री इथंच येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी असाच फोन आला. सांगली-तासगाव रस्त्यावर कवलापूरच्या पुढे पिकअपचा अपघात झाला होता. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आदळून खुबा निखळला होता.

तिशी-पस्तिशीचा, काटक माणूस. पाय आत वळलेला, आखूड दिसणारा. वेदनेनं तो कुणाला हातही लावू देत नव्हता आणि विचारलेल्या प्रश्नाचं धड उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हता. सोबत फक्त ड्रायव्हर होता. त्याच्याकडून एवढंच कळलं की तासाभरापूर्वी दोघं पोटभर जेवलेत आणि याला बीपी-शुगर काही नाही.

निखळलेला खुबा सहा तासांच्या आत बसवावा लागतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा दबलेला असतो. उशीर झाला तर पुढे तो गोळा झिजून जातो. म्हणजे पोट रिकामं होण्याची वाट बघायला वेळ नव्हता, आणि एवढ्या मारानंतर पोट वेळेत रिकामं होतही नाही. मणक्यातली भूल द्यायची तर कुशीवर वळवायला हवं, ते त्याला शक्य नव्हतं. पूर्ण भूल द्यायची आणि पोटातलं अन्न छातीत उतरायच्या आत श्वासनलिकेत नळी टाकायची, हाच रस्ता होता. त्यासाठी स्कोलीन हे जुनं, भरवशाचं औषध आहे. मिनिटाभरात अंग पूर्ण सैल पडतं आणि पाच ते दहा मिनिटांत अंमल उतरतो. छोट्या कामाला याहून सोयीचं काय असणार?

झोपेसाठी प्रोपोफॉल दिलं, स्कोलीन दिलं. अंगभर ती ओळखीची थरथर उमटून गेली, नळी पडली. हाडाच्या डॉक्टरांनी टेबलावर चढून पाय उचलला, फिरवला, आणि 'खट्' करून खुबा जागेवर बसला. एक्स-रे पाहिला. सगळं काम पाच-सहा मिनिटांत उरकलं.

मी भूल उतरवायला घेतली, पण श्वास येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पिशवी दाबली की छाती हलत होती, सोडली की मॉनिटरवरची श्वासाची रेघ सपाट. तेवढ्यात नाडी ऐंशीवरून एकशे तीसच्या घरात गेली आणि बीपीही चढलं. मी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापण्यांवर आम्ही चिकटपट्टी लावतो. उजव्या डोळ्याच्या पट्टीखालून पाणी निघून कानाकडे चाललं होतं.

याचा अर्थ मला लगेच कळला. झोप उतरत होती आणि अंग अजून बांधलेलंच होतं. हात प्रोपोफॉलकडे गेला आणि औषध आत जात असतानाच मी त्याच्या कानाशी बोलायला लागले, "दादा, खुबा बसलाय. ऑपरेशन झालंय. अंग हलत नाही ते औषधामुळं. श्वास आम्ही देतोय. परत झोपवतेय तुम्हाला." पेशंट ऐकतो आहे असं धरूनच मी नेहमी बोलते. हळूहळू नाडी खाली आली. सिस्टरला सांगितलं की प्रोपोफॉलचा पंप लावा, आता हा बंद करायचा नाही.

मग नर्व्ह स्टिम्युलेटर मागवला. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि विजेचे चार बारीक झटके द्यायचे. स्नायूंत ताकद असेल तर अंगठा चार वेळा आत वळतो. इथे एकदाही वळला नाही. पण तो हात हातात धरलेला असताना मला त्याची नखं दिसली. नखांच्या कडांत आणि बोटांच्या भेगांत निळसर-हिरवा रंग भरलेला होता, साबणानं न जाणारा. मोरचूद! या भागात राहणाऱ्याला तो रंग ओळखायला वेळ लागत नाही. फळछाटणीनंतर द्राक्षबागेवर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, त्याचा तो रंग.

बोर्डोनं असं काही होत नाही. पण बोर्डो मारणारा माणूस आणखीही बरंच काही मारत असतो.

तोपर्यंत त्याची आई आणि भाचा येऊन पोचले होते. ब्रदरना पेशंटजवळ उभं करून मी दारापर्यंत आले. "मावशी, हे बागेत औषध मारतात का?"

"मारतोय की ओ म्याडम. छाटणी झाल्यापास्नं रोजच हाय. आपली झाली की दुसऱ्याच्या बागंत जातोय ब्लोअर घिऊन. उडद्या लई पडलाय औंदा."

"तोंडाला काय बांधतात?"

"टावेल बांधतोय. काय झालंय माज्या लेकाला?"

मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं की तो झोपेत आहे, श्वास मशीन देतंय, अंग सुटायला वेळ लागणार आहे, पण सुटणार आहे. भाच्यानं गावात फोन लावून शेडमधल्या बाटल्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. एका लेबलवर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे जास्त विषारी, आणि खाली बारीक अक्षरात उताऱ्याचं औषध छापलेलं होतं: अॅट्रोपीन. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक.

कोडं तिथं सुटलं. आपल्या रक्तात कोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते यकृतात तयार होतं. शिरेतून दिलेलं स्कोलीन तेच फोडतं. इतक्या झपाट्यानं फोडतं की बहुतेक डोस स्नायूपर्यंत पोचायच्या आतच संपतो, म्हणून तर औषधाचा अंमल मिनिटांत उतरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं याच एन्झाइमला निकामी करतं. उडद्या भुंगेरा मरतो तोही याच जातीचं एन्झाइम बंद पडून. रोज थोडं थोडं श्वासातून आणि कातडीतून आत जात राहिलं, तर माणसाला चक्कर नाही, उलटी नाही, काही जाणवत नाही. एन्झाइम मात्र खाली खाली जातं. त्या माणसाला स्कोलीन दिलं की फोडणारं कुणी उरलेलं नसतं. काही जणांत हे एन्झाइम जन्मतःच सदोष असतं, तीही शक्यता मनात होती. बाहुल्या तपासल्या, बारीक झालेल्या नव्हत्या. तोंडाला लाळ सुटलेली नव्हती, छाती स्वच्छ होती. म्हणजे ही विषबाधा नव्हती, फक्त एन्झाइम घटलं होतं. तपासणीसाठी रक्त पाठवलं.

यावर उपाय आहे, आणि तो म्हणजे वाट बघणं. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलं, नेहमीसारखं निओस्टिग्मिन देऊन उतरवता येणार नाही का? इथे ते नाही चालत. उरलंसुरलं एन्झाइमही त्यानं बंद पडतं. रक्तपेढीतून प्लाझ्मा आणून देता येतो, त्यात हे एन्झाइम असतं. पण थोडा वेळ दिला की जे आपोआप सुटणार आहे, त्यासाठी दुसऱ्याचं रक्तघटक चढवण्याची जोखीम मला घ्यावीशी वाटली नाही. व्हेंटिलेटर होता, प्रोपोफॉल होतं, मी होते. संध्याकाळची पुढची केस दुसऱ्या सहकाऱ्यांकडे दिली आणि स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसले.

दर दहा मिनिटांनी चार झटके देऊन बघायचं. मनगटावर बोट ठेवून मी त्या अंगठ्याकडे बघत राहायचे. दोन तास उलटून गेल्यावर अंगठा किंचित आत वळला, पहिल्या झटक्याला. इतका किंचित की सिस्टरना मी लाइट जवळ घ्यायला लावला. नंतर दुसऱ्याला वळला. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात चारही झटक्यांना आणि चारही वेळा सारख्याच जोरानं. इथे घाई करणारे फसतात. श्वास सुरू झाला म्हणजे ताकद आली असं नसतं. छातीचा पडदा आधी सुटतो, घशाचे स्नायू मागाहून. चौथ्या झटक्याची ताकद पहिल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली पाहिजे, तरच नळी काढायची.

प्रोपोफॉल बंद केलं. डोळे उघडले. "हात दाबा माझा." दाबला. "मान उचला, धरून ठेवा." पाच आकडे मोजून होईस्तोवर त्यानं मान वर धरली. नळी काढली. खोकला, मग खरखरीत आवाजात, "पाणी." ते लगेच देता येत नाही, ओठ ओले केले. आईला आत घेतलं. तिनं लेकाचा पाय आधी पाहिला, मग तोंडावरून हात फिरवला.

रात्रभर त्याला आयसीयूत नजरेखाली ठेवलं. सकाळी मी राउंडला गेले आणि नेहमी विचारते तसं विचारलं की झोपायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं, आणि उठल्यावरचं पहिलं काय. मधलं काही?

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मधलं हाय. कुणीतरी म्हणलं, ह्यो अजून उठंना. मी उठलोच हुतो की म्याडम. हात हलवाय बघतोय तर हात माझा न्हवंच. मला वाटलं मेलो. मग तुमी कानात बोलला, श्वास आमी देतोय म्हणून. मग काय न्हाई."

असं सांगणाऱ्या पेशंटला 'स्वप्न पडलं असेल' म्हणून वाटेला लावू नये, हे मी ज्युनिअर मुलांना पोटतिडकीनं सांगते. अशी माणसं पुढे महिनोन् महिने दचकून उठतात, झोपायला घाबरतात, दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्याला मी खुर्ची ओढून सगळं सांगितलं: कुठलं औषध, ते का उतरलं नाही, ती काही मिनिटं त्यानं ऐकलं ते सगळं खरं होतं. आईलाही सांगितलं. डिस्चार्जच्या आधी एक कार्ड करून दिलं, स्कोलीन देऊ नये असं ठळक अक्षरात लिहिलेलं, आणि ते पाकिटात आधार कार्डाजवळ ठेवायला लावलं.

रिपोर्टमध्ये कोलिनएस्टरेज फारच खाली निघालं. पाय जपायचा असल्यानं पुढचे दीड महिने तो बागेत गेलाच नाही. त्यानंतर परत तपासलं तेव्हा आकडा नॉर्मलमध्ये आलेला होता. दोष जन्मजात असता तर तो असा वर आला नसता. त्याच्या जागी ब्लोअर चालवणाऱ्या थोरल्या भावालाही मी बोलावून घेतलं होतं, काही त्रास नसताना. त्याचा आकडा नॉर्मलच्या खाली होता. "छाटणी झालीय, आता बाग सोडून कसं चालंल?" असं तो म्हणाला. त्याची अडचण खरी होती. वर्षाचा पैसा त्या तीन-चार महिन्यांवर असतो. हातमोजे, फिल्टरचा मास्क, औषध मारून आल्यावर कपडे बदलून आंघोळ आणि आठवड्यात मधे खाडे, इतकं त्यानं कबूल केलं.

माझ्या तपासणीच्या कागदावर आता बीपी, शुगर, दमा, अॅलर्जी यांच्या खाली फवारणीची ओळ आहे. सुरुवातीला मी विचारायचे, "औषध मारता का?" बायका हमखास म्हणायच्या, "न्हाई, मालक मारत्यात." आता विचारते, "मालक औषध मारतात तेव्हा तुम्ही कुठं असता?" बऱ्याचदा उत्तर येतं, "पाइप ओढाय मीच असतीय की." बॅरलमध्ये औषध कालवणारीही तीच असते. अशा पेशंटना तातडीची भूल द्यायची वेळ आली तर मी अंग सैल पाडायला रोक्युरोनियम वापरते, त्याला हे एन्झाइम लागत नाही, आणि ते उतरवणारं सुगमाडेक्स आधी हाताशी आहे ना, ते बघते. महाग आहे, पण हंगामात एक-दोन व्हायल थिएटरच्या फ्रिजशेजारच्या कपाटात ठेवायला हॉस्पिटलनं होकार दिला आहे.